तपासलेला पेपर परत हातात घेताना

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. कुणीतरी चूक दाखवलीय आणि आता त्या चुकीचं करायचं काय ते कळत नाहीये. कुणाचा गणिताचा पेपर आहे, कुणाचा कोड, कुणाचा लेथवरचा, म्हणजे धातू कातायच्या मशीनवरचा जॉब. मी २८ वर्षं शाळेत गणित शिकवलं, लाल पेन हातात घेऊन हजारो पेपर तपासलेत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून सगळी पत्रं एकत्रच घेते. नावं नेहमीसारखीच छापत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. लहानपणापासून हुशार, सातवीपर्यंत वर्गात पहिल्या तिनात. परवा गादी झटकायला उचलली तर खाली युनिट टेस्टचा गणिताचा पेपर सापडला, घडी करून करून पार चुरगळलेला, २० पैकी ७. विचारलं तर रडायलाच लागली, म्हणते मला गणित येतच नाही, मी हुशार नाहीच्चे. आम्ही तिला कधी मारलं नाही की घालूनपाडून बोललो नाही, उलट कायम कौतुकच केलं. मग लपवायची वेळ का आली? क्लास बदलू का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, क्लासचं नंतर बघू. तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, कायम कौतुकच केलं, मला वाटतं गाठ तिथेच आहे. यात तुम्हाला दोष देत नाहीये, घरोघरी हेच चालतं, मीपण वर्गात वर्षानुवर्षं हेच करत होते. 'किती हुशार गं माझी बाय' हे पोरीला आवडतंच, पण हळूहळू तिच्या मनात काय बसतं, की घरच्यांना माझी हुशारी आवडते आणि हुशारी दिसते मार्कांतून. मग ज्या दिवशी ७ येतात त्या दिवशी तिला वाटतं की आपलं सगळंच गेलं. अशा वेळी तो कागद गादीखालीच जाणार, दुसरं कुठे जाईल?

हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली छापून आले. मुलांना आकृत्यांची कोडी दिली, फार अवघड नव्हती, मुलांना बऱ्यापैकी जमली. मग काहींना म्हटलं तू हुशार दिसतोस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलेली दिसतेय. बस, फरक एवढ्या एका वाक्याचा. पुढची कोडी मुद्दाम फार कठीण दिली, तिथे सगळेच अडले, आणि त्यानंतर परत पहिल्याइतकीच सोपी दिली तर 'हुशार' ऐकलेल्या मुलांना आधीपेक्षा कमी सुटली आणि 'मेहनत' ऐकलेल्यांना जास्त. आणि ताई, तुमच्या गादीखालच्या कागदाशी ज्याचं नातं आहे ते आता सांगते. या मुलांना सांगितलं की दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी तुमचा अनुभव आणि मार्क लिहून द्या, तर 'हुशार' वाल्यांपैकी दहातल्या जवळपास चौघांनी मार्क वाढवून लिहिले, मेहनतवाल्यांत ते प्रमाण दहात एखाददुसरं. ती मुलं खोटारडी नव्हती हो. तुमची लेकही नाहीये. तिला ती सात मार्कांची मुलगी तुम्हाला दाखवायची भीती वाटली.

आता करायचं काय ते सांगते. तो पेपर हाताने सपाट करा, मार्कांच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवा आणि संध्याकाळी चहा झाला की तिच्या शेजारी बसा, समोर नाही, शेजारी. एकेक चुकलेलं गणित घ्या आणि एवढंच विचारा, इथे तुझ्या मनात काय होतं? 'असं कसं केलंस' हा प्रश्न नको, तो ऐकला की पोरं मिटून जातात. तुम्हाला स्वतःला गणित येत नसलं तरी चालेल, किंबहुना बरंच, ती तुम्हाला समजावून सांगेल आणि सांगता सांगता कुठे घसरली ते तिचं तिलाच दिसेल.

या वयाच्या मुलांच्या पेपरात मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक सांगते, तुमच्याकडेही ती असेल असं वाटतंय. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करायचा असला की मुलं दोघांचे वेगवेगळे वर्ग करून मोकळी होतात. आपण लाल रेघ मारतो, वर सूत्र लिहून देतो, मूल मान डोलावतं आणि पुढच्या टेस्टला परत तेच. त्याऐवजी तिला म्हणा ३ आणि ४ घेऊन बघ. बेरीज ७, तिचा वर्ग ४९. आणि वेगवेगळे वर्ग ९ आणि १६, म्हणजे झाले २५. मग २४ कुठे गेले? आता चौकटीच्या वहीत सात बाय सातचा चौरस काढायला सांगा, त्यात एका कोपऱ्यात तीन बाय तीनचा, समोरच्या कोपऱ्यात चार बाय चारचा. उरले दोन आयत, दोन्ही तीन बाय चारचे, बारा आणि बारा. ते दोन आयत तिने आपल्या हाताने रंगवले की सूत्रातली मधली पायरी कुठून आली ते तिला परत कुणी सांगावं लागत नाही. माझ्या वर्गात मुलं तो चौरस रंगवताना अगदी गप्प व्हायची आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी 'अच्छाऽऽ' म्हणायचं, ते अजून कानात आहे.

आणि हे सगळं झालं की पेपर कपाटात ठेवून द्या. चार दिवसांनी तीच चुकलेली गणितं कोऱ्या कागदावर, वहीत न बघता परत सोडवायला सांगा. हा भाग गाळू नका, बहुतेक घरांत आणि शाळांतही नेमका हाच गळतो. चूक दाखवली, समजली, संपलं, असं होतं. पण वाचून समजलेलं आणि आपलं आपण आठवून केलेलं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे गेलेले.

बोलताना 'हुशार' हा शब्द थोडे दिवस राहू दे बाजूला. जे डोळ्यांना दिसलं तेच बोला, 'आकृती काढून बघितलीस म्हणून सापडलं ना', बस. क्लासचा निर्णय महिन्याभराने घ्या, आणि तो तिला विचारून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये ग्रोथ माइंडसेट शिकवलं, म्हणजे बुद्धी जन्मजात ठरलेली नसते, वाढू शकते असं मानणं. त्यानंतर भिंतीवर 'मी करू शकतो', 'अजून जमलं नाही म्हणजे जमणारच नाही असं नाही' असे तक्ते लावले. माझ्या वर्गात ५२ मुलं आहेत, निम्म्यांना भागाकार येत नाही. प्रामाणिकपणे सांगा, याने काही होतं का, की हे पण येऊन जाणारं वारं?
— एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : सर, प्रामाणिकपणे सांगायचं तर तक्त्याने काही होत नाही. कल्पना चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या साधारण १२ हजार मुलांवर मोठा प्रयोग केला, २०१९ मध्ये तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. बुद्धी वाढू शकते हे समजावणारा तासाभरापेक्षाही कमी वेळाचा ऑनलाइन कार्यक्रम. ज्यांचे मार्क आधी कमी होते त्या मुलांच्या गुणांची सरासरी ०.१ ने वाढली, तिकडे ती चारपैकी मोजतात. खूप नाही. पण तासाभराच्या खर्चात ते वायाही म्हणता येत नाही. त्यातली मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की ज्या शाळांत अवघड काम अंगावर घेण्याला आजूबाजूची मुलं नावं ठेवत नव्हती तिथे फरक जास्त दिसला, जिथे तसं वातावरण नव्हतं तिथे कमी. त्याच्या आदल्याच वर्षी बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले होते त्यातही एकूण परिणाम बारीकच निघाला. ही कल्पना ज्यांची त्या ड्वेकबाईंनी स्वतः २०१५ मध्ये लिहिलं की नुसतं 'छान मेहनत केलीस' म्हणत राहणं हा ग्रोथ माइंडसेट नव्हे, मूल शिकलंच नसेल तर ते कौतुक कशाचं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे सर, की मुलाने सुधारणेवर विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर वर्गात सुधारायला जागा पाहिजे. आपल्याकडे पेपर तपासून येतो, मार्क रजिस्टरला चढतात आणि आपण पुढच्या धड्यावर जातो. मग शेरा वाचून मुलाने करायचं काय? तो निकाल असतो, त्यात पुढचं पाऊल कुठेच नसतं.

मी एका वर्षी आठवीला एक गोष्ट करून पाहिली आणि मग निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. घटक चाचणीचे पेपर पहिल्या दिवशी मार्क न लिहिता परत द्यायचे, चुकीच्या ओळीखाली फक्त पेन्सिलची रेघ आणि एखादा शब्द, 'चिन्ह बघ', 'हातचा?' असा. मुलांनी ते दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी आणायचं आणि मग मार्क. पहिल्या वेळी वर्गात फार गोंधळ झाला, बाई मार्क सांगा ना म्हणून मागे लागली, एक मुलगी तर रडवेली झाली. तिसऱ्या चाचणीपर्यंत मुलं पेपर हातात पडल्या पडल्या पेन्सिलच्या रेघा शोधायला लागली. नंतर मला कळलं की इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर असंच करून बघितलं होतं, १९८८ साली ते प्रसिद्ध झालं. काही मुलांना फक्त शेरे, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती फक्त शेरे मिळालेली. मार्क आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदाच झाला नाही, कारण डोळे आधी आकड्यावर जातात आणि तिथेच राहतात.

५२ मुलांत प्रत्येक वहीवर शेरा लिहिणं अशक्य आहे हे मला माहितीये, ते करूच नका. सगळ्या वह्या चाळून सर्वात जास्त वेळा आलेल्या तीन चुका निवडा, फळ्यावर नाव न घेता लिहा आणि जोडीजोडीने शोधायला लावा यात चुकलं कुठे. भागाकारात बहुतेकदा 'भागाकारात शून्य लिहायचं राहिलं' ही एक निघेलच, ६१२ भागिले ६ चं उत्तर निम्मा वर्ग १२ आणतो. ज्याला १२ आलं त्याला म्हणा, ६ गुणिले १२ करून बघ, ६१२ आले का?

प्रश्न : मी पुण्यात एका कंपनीत ज्युनियर डेव्हलपर आहे, ८ महिने झाले. माझ्या पहिल्या मोठ्या पीआरवर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोड) सिनियरने ३१ कमेंट टाकल्या आणि त्या सगळ्या टीमला दिसतात. मी मोजल्या, १४ व्हेरिएबलच्या नावांवर, ७ नल चेक (किंमत रिकामी तर नाही ना ते बघणं) नाही म्हणून, ४ टेस्ट नाहीत म्हणून, बाकी ६ नुसते प्रश्न आहेत की हे असं का केलं. मी बीडचा, साध्या कॉलेजचा, बाकीचे मोठ्या कॉलेजचे आहेत. दोन रात्री झोप नाही. वाटतंय यांना आता कळलं की हा आपल्यातला नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : अरे, मला कोडमधलं फारसं कळत नाही पण माझा भाचा याच कामात आहे, त्याला शेजारी बसवून तुझं पत्र वाचलं. तू स्वतः मोजून लिहिलंस ना, तेच आता परत वाच. १४ कमेंट नावांवर म्हणजे चूक एकच, १४ ठिकाणी झालेली. नल चेकच्या ७, चूक एक. टेस्टच्या ४, ती पण एकच. राहिले ६ प्रश्न, त्या चुकाच नाहीत, समोरच्याला तुझा विचार समजून घ्यायचाय. म्हणजे ३१ चा डोंगर उकरल्यावर शिकायच्या गोष्टी निघाल्या तीन. आणि भाचा म्हणाला की एवढ्या बारकाईने वाचायला त्या सिनियरचे दोन-तीन तास तरी गेले असतील, ज्याला वाऱ्यावर सोडायचं असतं त्याच्या कोडवर लोक 'ठीक आहे' लिहून मोकळे होतात.

तुझ्या पत्रात एक जागा आहे जिथे तू कोडवरून एकदम बीडवर आणि कॉलेजवर गेलास. कमेंट व्हेरिएबलच्या नावावर होती, तू ती स्वतःच्या नावावर घेतलीस. असं सगळ्यांचंच होतं. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या अभ्यासांतले सहाशेच्या वर निष्कर्ष एकत्र करून बघितले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' यावर गेलं की फीडबॅक उलटा पडतो. तर तुझं काम आता एवढंच की लक्ष उचलून परत कोडवर ठेवायचं.

आज रात्री उत्तर देऊ नकोस. उद्या सकाळी आधी त्या ६ प्रश्नांची उत्तरं लिही, सरळ, माफी न मागता, जिथे कारण होतं तिथे कारण लिही आणि जिथे नव्हतं तिथे 'विचार केला नव्हता, बदलतो' म्हण. मग नावं, मग नल चेक, मग टेस्ट. आणि सिनियरकडे पंधरा मिनिटं माग, फक्त नावांबद्दल विचारायला, तो नाव ठेवताना काय विचार करतो ते. त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर या तीन गोष्टी लिहून ठेव आणि पुढचा पीआर पाठवायच्या आधी तूच तुझा कोड त्या तिघांसाठी एकदा वाच. पुढच्या वेळी कमेंट येतीलच, पण त्या वेगळ्या गोष्टींवर यायला हव्यात, ते बघ.

एक मात्र नीट ऐक. 'इथे टेस्ट नाही' हा फीडबॅक आहे. 'तुम्हाला कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे' असं कुणी लिहिलं तर तो फीडबॅक नाही, ते गिळून शिकायचं वगैरे काही नसतं, ते लीडला जाऊन सांगायचं. शिकायची तयारी म्हणजे अपमान सोसायची तयारी असं मी माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याला सांगितलेलं नाही.

प्रश्न : मॅडम मी नाशिकला एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे, स्वतः २२ वर्षं लेथ चालवला. हाताखाली आयटीआयची पोरं येतात. परवा एका पोराने २५ एमएमचा जॉब घालवला. २५.४ वर आला होता, यानं डायलवर ०.४ कट दिला आणि जॉब झाला २४.६. आमच्याकडे एका लेथचा डायल कटाची खोली दाखवतो, दुसऱ्याचा डायरेक्ट व्यास. पोरगं आठवडाभर दुसऱ्यावर होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं डोकं कुठं ठेवून येतो रे. तेव्हापासून तोंड पाडून असतो, काही विचारतपण नाही. आम्हीपण असंच बोलणं खाऊन शिकलो की. आजकालच्या पोरांना सहन होत नाही का?
— एक फोरमन, नाशिक

उत्तर : दादा, तुम्ही चूक इतकी नेमकी लिहिलीत की मला लेथ न चालवता समजली. खोलीच्या डायलवर ०.४ दिला म्हणजे मटेरियल दोन्ही बाजूंनी ०.४ गेलं, व्यासातून ०.८. दुसऱ्या मशीनवर त्याने हेच केलं असतं तर जॉब बरोबर २५ आला असता. म्हणजे पोराचं डोकं जागेवर होतं, ते अजून आठवडाभर चालवलेल्या मशीनवर होतं. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत, पण त्याला सांगितलंत का? पत्रावरून वाटतंय की त्याने फक्त डोक्याचं ऐकलं, डायलचं नाही.

तुम्ही बोलणं खाऊन शिकलात हे खरं आहे, पण जरा आठवून बघा, तुम्ही बोलण्याने शिकलात का नंतर कुणी वस्तादाने हात धरून दाखवलं त्याने? आणि तुमच्यासोबत लागलेल्यांपैकी किती जण त्या बोलण्यामुळे काम सोडून गेले?

माझी विनंती आहे, तो २४.६ चा रिजेक्ट जॉब भंगारात गेला नसेल तर परत चकमध्ये बांधा. पोराला बोलवा, एकट्यालाच. व्हर्निअर त्याच्याच हातात द्या, माप त्याला घेऊ द्या. विचारा, किती कट दिला? किती जायला पाहिजे होतं? किती गेलं? ०.८ हा आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या. मग त्याच जॉबवर म्हणा आता २४ चा करून दाखव, शेवटचा कट द्यायच्या आधी थोडं मटेरियल राखून मोजायचं. जॉब जाड राहिला तर रीवर्क होतो, बारीक झाला की गेला, हे तुमच्या रक्तात आहे, त्याच्या हातात यायला त्याला दोन-चार रिजेक्ट तुकड्यांवर मनसोक्त चुकू द्या. आणि दोन्ही डायलच्या वर मार्करने लिहून टाका 'खोली' आणि 'व्यास', ही चूक याच्यानंतर येणारा पोरगापण करणारच आहे.

बोलताना एक वाक्य आधी जोडा. अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांचे निबंध तपासून परत देताना काहींच्या कागदावर शिक्षकांच्या हातची एक चिठ्ठी लावली, की मी हे शेरे लिहितोय कारण माझ्या तुझ्याकडून अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहितीये. बाकीच्यांना साधी चिठ्ठी, हे शेरे तुला कळावेत म्हणून. २०१४ मध्ये हे छापून आलं, मुलं थोडीच होती, पण कृष्णवर्णीय मुलांत निबंध परत लिहून आणणारे शंभरात १७ वरून सत्तरच्या वर गेले, आणि ज्यांचा शाळेवर विश्वास कमी होता त्यांच्यात फरक सगळ्यात जास्त दिसला. शेरे तेवढेच कडक होते. तुम्हीपण कडकच राहा दादा, माप म्हणजे मापच. फक्त पोराला हे कळू द्या की तुम्ही त्याला टर्नर बनवायला निघालायत.

प्रश्न : माझं वय ५३. मुलीच्या लग्नानंतर गाडी शिकायला घेतलीय. सपाट रस्त्यावर जमते पण आमच्या घराकडे चढ आहे, तिथे थांबले की गाडी मागे येते आणि बंद पडते. शेजारी मुलगा बसतो तो ओरडतो, ब्रेक, क्लच, अगं आरसा, सगळं एकदम. घरचे म्हणतात कशाला या वयात. खरंच उशीर झालाय का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही हो ताई, अजिबात नाही झाला. लंडनमध्ये टॅक्सी चालवायचं लायसन हवं असेल तर शहराच्या मधल्या भागातले साधारण २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, माणसं त्यासाठी तीन-चार वर्षं घालवतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी वूलेट यांनी अशा ७९ शिकाऊ लोकांच्या मेंदूचे स्कॅन सुरुवातीला घेतले आणि नंतर त्यातल्या बऱ्याच जणांचे परत घेतले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातले ३९ पास झाले आणि त्यांच्या मेंदूतला जागा-रस्ते लक्षात ठेवणारा भाग वाढलेला दिसला. पास न झालेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. सगळी मोठी, संसारी वयाची माणसं. शिकताना या वयातही आत काहीतरी घडत असतं. तुम्हाला तर २५ हजार रस्ते नाही, एक चढ जिंकायचाय.

चढावर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि ब्रेकवरचा पाय काढा, गाडी कुठे जात नाही. पहिला गिअर. क्लच अगदी सावकाश सोडायला लागा, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं. तिथे क्लच धरून ठेवा, उजव्या पायाने थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक सोडा. ती 'नाक उचलायची' जागा पायाला ओळखीची व्हायला हवी, म्हणून दोन दिवस दुसरं काही करूच नका, रिकाम्या हलक्या चढावर फक्त ती जागा शोधायची, वीस वेळा.

आणि मुलाला हे वाचायला द्या. बाळा, आई क्लच शिकत असताना आरशाचं बोलू नकोस. एका वेळी एकच गोष्ट सांग, आणि गाडी थांबल्यावर सांग. ते जमत नसेल तर थोडे दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाला बसू दे.

प्रश्न : मी आठवीत आहे. बाईंनी निबंधाच्या वहीवर तीन वेळा 'अक्षर सुधारा' असं लिहिलंय. मी रोज दोन पानं शुद्धलेखन लिहिते तरी तसंच येतं. पानाचा फोटो पाठवते आहे.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाळा, तुझा फोटो मी भिंग घेऊन बघितला. तू मेहनत खूप करतेस, पण ज्या सवयीने लिहितेस त्याच सवयीने दोन पानं लिहिलीस तर तीच सवय पक्की होते. 'अक्षर सुधारा' म्हणजे नेमकं कुठलं अक्षर, हे तुला कुणी सांगितलंच नाहीये, मग तू तरी काय करणार? वही घेऊन बाईंकडे जा आणि विचार, बाई कुठले शब्द वाचताना अडलात, त्यांना गोल करून द्याल का? त्या नक्की देतील.

मला अडले ते सांगते. तू शब्द लिहून झाला की वरची रेघ एका दमात ओढतेस, त्यामुळे 'भ' चा 'म' होतो आणि 'ध' चा 'घ'. 'भात' मी 'मात' वाचला आणि 'धर' झालं 'घर'. भ आणि ध च्या डोक्यावर रेघ तुटलेली असते ना, तिथे पेन उचलायचं. दुसरं, तुझा 'ख' सुटा पडतो, 'रव' दिसतो, र ची शेपटी खालून व ला नेऊन जोड.

आठ दिवस दोन पानं बंद. रोज फक्त दहा शब्द, भात, भाकरी, धडा, धान्य, साखर, खडू असे, हळूहळू. मग त्याच निबंधाचा पहिला परिच्छेद नव्या पानावर परत लिही आणि जुनं-नवं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मला फोटो पाठव, मी वाट बघते.